कम्युनिटी कॉलेजमध्ये खगोलशास्त्राचा पहिला कोर्स: निवडण्यापासून शेवटच्या परीक्षेपर्यंत

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांतून कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजच्या, खगोलशास्त्राच्या पहिल्या कोर्सला नाव घालणारे बरेच जण भेटतात. कुणी हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं एखादं क्रेडिट मिळवू पाहतं, कुणाला चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर होण्यासाठी विज्ञानाचा एक विषय लागतो. एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या) आलेल्या कित्येकींना लहानपणी गच्चीवरून पाहिलेलं आकाश आता नीट शिकायचं असतं. मी इथल्या एका कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये या विद्यार्थ्यांसोबत बसते. कोर्स सुरू होण्याआधी त्यांना जे सांगावंसं वाटतं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपल्याकडे शाळेत ग्रहांची नावं, अंतरं, उपग्रहांची संख्या असं पाठ करून मार्क मिळतात. तशा तयारीने आलेली हुशार मुलंही पहिल्याच मिडटर्मला गोंधळतात, कारण इथला प्रश्न बहुतेक वेळा ‘हे आपल्याला कळलं कसं?’ असा असतो. ताऱ्याला हात लावता येत नाही, मग त्याचं तापमान कुणी मोजलं? दीर्घिका आपल्यापासून दूर जातेय, हे कशावरून? ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घेतली तर बाकीचा अभ्यास निम्मा होतो.

कोर्स निवडताना

बहुतेक कॉलेजांत हा विषय दोन भागांत शिकवतात. एक सौरमालेचा, दुसरा तारे, दीर्घिका आणि विश्वरचनेचा. काही ठिकाणी दोन्ही मिळून एकच आढावा कोर्स असतो. दोन्हींपैकी कुठलाही आधी घेतला तरी सहसा चालतं. माझं मत विचाराल तर गणिताची भीती असेल त्याने सौरमालेपासून सुरुवात करावी, आणि भौतिकशास्त्र आवडत असेल त्याने ताऱ्यांपासून. आढावा कोर्समध्ये एवढं काही कोंबलेलं असतं की कुठेच थांबायला वेळ मिळत नाही.

प्रयोगशाळेचा भाग वेगळा असतो, हे नाव घालताना अनेकांच्या लक्षात येत नाही. ट्रान्सफरसाठी लागणाऱ्या सामान्य शिक्षणाच्या यादीत भौतिक विज्ञानाचा एक विषय आणि प्रयोगशाळा या दोन वेगळ्या अटी आहेत. २०२५ च्या फॉलपासून कॅलिफोर्नियात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी ही यादी कॅल-गेटसी या नावाने ओळखली जाते. तुम्ही जीवशास्त्र प्रयोगशाळेसकट घेणार असाल तर खगोलशास्त्राची लॅब घ्यावी लागेलच असं नाही. पण जमत असेल तर घ्याच. लॅबशिवाय हा विषय ऐकीव राहतो.

कॉलेज सेमिस्टरवर चालतं की क्वार्टरवर, तेही पाहा. क्युपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल ही दोन्ही क्वार्टरवाली आहेत. तिथे अंतिम परीक्षेसकट बारा आठवड्यांत कोर्स संपतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा दारात उभी राहते. नोकरी किंवा लहान मूल सांभाळून शिकणाऱ्याला सेमिस्टरचा वेग झेपतो. मिशन, वेस्ट व्हॅली, सॅन मॅटिओ ही जवळची सेमिस्टरवाली कॉलेजं.

ऑनलाइन वर्ग सोयीचा असतो, पण प्रत्यक्ष वर्गाला जाता येत असेल तर तो निवडा. डी अँझाच्या आवारात फुजित्सु प्लॅनेटेरियम आहे, फूटहिलमध्ये वेधशाळा आहे. घुमटाखाली बसून रात्रभराचं आकाश दोन मिनिटांत फिरताना पाहिलं की तारे कुठल्या बिंदूभोवती फिरतात, हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

फी, पुस्तक आणि कागदपत्रं

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टर युनिटमागे ४६ डॉलर आणि क्वार्टर युनिटमागे ३१ डॉलर फी पडते. पाच क्वार्टर युनिटचा कोर्स १५५ डॉलरमध्ये होतो, वर किरकोळ शुल्कं. रहिवासी नसलेल्यांना याच्या कितीतरी पट भरावे लागतात, म्हणून रेसिडेन्सीचा प्रश्न आधी सोडवा. टर्म सुरू होण्यापूर्वी राज्यात किमान एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झालेलं असावं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवरून दिसावा, असा साधारण नियम आहे. एच-१बी आणि एच-४ वर असलेल्यांना असा रहिवास सिद्ध करता येतो, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना येत नाही. भाडेकरार, राज्याचं टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स यांवरच्या तारखा जुळवून ठेवा आणि ॲडमिशन्सच्या खिडकीवर लेखी खात्री करून घ्या.

एफ-१ वर असाल तर आणखी एक बाब. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून टर्मला किमान १२ युनिट लागतात आणि त्यांत पूर्ण ऑनलाइन असा एकच वर्ग धरला जातो. ऑनलाइन खगोलशास्त्र घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारा. हायस्कूलच्या मुलांना फी अनेकदा माफ होते, पण शाळेच्या काउन्सेलरची आणि पालकांची सही लागते, आणि सुट्टीत सह्या मिळत नाहीत.

पुस्तकावर शक्यतो पैसे घालवू नका. वेळापत्रकात ‘झिरो टेक्स्टबुक कॉस्ट’ अशी खूण असलेले वर्ग शोधा. ओपनस्टॅक्सचं खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक इंटरनेटवर पूर्ण मोफत आहे आणि अनेक प्राध्यापक तेच लावतात. तुमच्या प्राध्यापकांनी दुसरं लावलं असेल तरी हे जवळ असू द्या. स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअरही फुकट आहे. दुर्बीण विकत घ्यायची अजिबात गरज नाही. फारच हौस असेल तर ७ x ५० किंवा १० x ५० ची बायनॉक्युलर घ्या.

वर्ग भरलेला असेल तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी न चुकता हजर राहा. न आलेल्यांच्या जागा प्राध्यापक इतरांना ॲड कोड देऊन भरतात.

पहिला आठवडा

सिलॅबस आला की तीन तारखा फोनमध्ये टाका: फी परत मिळेल अशा रीतीने कोर्स सोडायची शेवटची तारीख, ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉवल, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) घेऊन सोडायची शेवटची तारीख, आणि अक्षरी ग्रेडऐवजी नुसतं पास/नो पास निवडायची तारीख. मग गुणांची वाटणी बघा. काही प्राध्यापक निरीक्षणाच्या वहीला वीस टक्के देतात, काही जण सगळं परीक्षांवर ठेवतात. त्यावरून तुमचा वेळ ठरतो.

ऑफिस अवर्सना पहिल्या दोन आठवड्यांतच एकदा जाऊन या. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये काही चुकलं तरच जायचं अशी पद्धत, त्यामुळे संकोच वाटतो. इथे ती वेळ प्राध्यापकांनी तुमच्यासाठीच राखलेली असते. ‘मला हे समजलं नाही’ एवढं मोघम सांगण्यापेक्षा तुम्ही काढलेली आकृती समोर ठेवा आणि कुठे अडलंय तिथे बोट ठेवा. ट्युटरिंगही मोफत असतं.

मराठीतून शिकलेल्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिहून काढाव्यात. रोहिणी म्हणजे आल्डेबरान, कृत्तिका म्हणजे प्लाइडीज, मृग म्हणजे ओरायन, व्याध म्हणजे सिरियस, स्वाती म्हणजे आर्क्टुरस, चित्रा म्हणजे स्पायका, ज्येष्ठा म्हणजे अँटॅरिस, अभिजित म्हणजे व्हेगा, मघा म्हणजे रेग्युलस, काक्षी म्हणजे बीटलज्यूस. आजीने दाखवलेले तारे इथे कामी येतात.

आकाश बघायला आजच लागा

निरीक्षणाची वही शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. बे एरियात नोव्हेंबर ते मार्च पावसाचे ढग असतात आणि उन्हाळ्यात किनाऱ्यालगत संध्याकाळी धुकं चढतं. स्वच्छ रात्र दिसली की ती वापरायची.

रीत सोपी आहे. एकच जागा ठरवा, एकच वेळ ठरवा, क्षितिजावरच्या इमारती-झाडांचं रेखाटन आधी करून ठेवा, मग त्यावर चंद्राची किंवा ताऱ्याची जागा मांडत जा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश, करंगळीची रुंदी साधारण एक अंश. तारीख, वेळ, दिशा, उंची आणि हवा, हे पाच रकाने प्रत्येक नोंदीत हवेतच.

पहिली नोंद ध्रुवाची घ्या. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या ठिकाणचा अक्षांश. पुण्यात तो साधारण साडेअठरा अंशांवर, इमारतींच्या मागे दडलेला असतो. क्युपर्टिनोत जवळपास ३७ अंशांवर, म्हणजे पावणेचार मुठी. या एका फरकातून बरंच काही निघतं. एखादा तारा दक्षिणेला जास्तीत जास्त किती उंच येईल, तर ९० वजा अक्षांश अधिक ताऱ्याची क्रांती. क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, दक्षिणेला असेल तर उणे. अगस्तीची क्रांती सुमारे उणे ५२.७ अंश. पुण्याहून तो जवळजवळ १९ अंश वर येतो आणि हिवाळ्यात छान दिसतो. क्युपर्टिनोसाठी आकडेमोड करा, उत्तर शून्य येतं. म्हणजे तो क्षितिजाला टेकतो आणि डोंगरांमुळे दिसत नाही. उलट शर्मिष्ठा (कॅसिओपिया) हा तारकासमूह इथे कधीच मावळत नाही, पुण्यात मावळतो. हे गणित एकदा स्वतः केलं की अक्षांशावरचे प्रश्न चुकत नाहीत.

ऋतूंचा प्रश्न प्रत्येक परीक्षेत असतो आणि त्यात सर्वांत जास्त मार्क जातात. सूर्य जवळ आला की उन्हाळा, हे उत्तर चूक. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि तेव्हा इथे हिवाळा असतो. कारण आहे अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कल. त्यामुळे दुपारच्या सूर्याची उंची बदलते, दिवसाची लांबी बदलते. क्युपर्टिनोत २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य सुमारे ७६ अंशांवर असतो, २१ डिसेंबरला फक्त २९ वर. महाराष्ट्रात मे महिन्यात आणि पुन्हा जुलैच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. इथे तो कधीच येणार नाही, कारण ३७ हा आकडा साडेतेवीसच्या पलीकडे आहे. हे वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं तर ऋतू समजले असं धरा.

चंद्रकला: दिवा, चेंडू आणि पंचांग

चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं मानणारे निम्मे विद्यार्थी तरी वर्गात असतात. हा गैरसमज वाचून जात नाही, हाताने करून जातो.

खोलीत अंधार करा. टेबलावर शेड काढलेला एक दिवा ठेवा, तो सूर्य. थर्मोकोलचा चेंडू पेन्सिलीला टोचा, तो चंद्र. तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी. दिव्याकडे तोंड करून चेंडू हात लांब करून समोर धरा: तुमच्याकडची बाजू काळी, ही अमावास्या. आता चेंडूसकट डावीकडे वळा. नव्वद अंश वळल्यावर दिवा तुमच्या उजव्या हाताला येतो आणि चेंडूचा उजवा अर्धा भाग उजळतो. ही पहिली चतुर्थक, म्हणजे शुक्ल पक्षातला अर्धा चंद्र. आणखी वळून दिव्याकडे पाठ केली आणि चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरला की पूर्ण उजळलेली बाजू दिसते. चेंडू खाली आणलात तर डोक्याची सावली त्यावर पडते, आणि ते चंद्रग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंश कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला हे घडत नाही. पूर्ण फेरीत चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेला होता, हे लक्षात ठेवा. बदलला तो आपल्याला दिसणारा वाटा.

इथून पुढे ‘अमुक कलेचा चंद्र किती वाजता उगवतो’ या प्रश्नांकडे या. मराठी विद्यार्थ्याच्या हातात इथे पंचांग आहे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनाचे बारा अंश. तीस तिथी गुणिले बारा, तीनशे साठ. नव्वद अंशांचा कोन अष्टमीच्या मध्यावर येतो, तीच पहिली चतुर्थक. आता संकष्टी घ्या. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो. कृष्ण चतुर्थीला तो त्या जागेपासून ३६ ते ४८ अंश पुढे सरकलेला असतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे चंद्रोदय सूर्यास्तानंतर साधारण अडीच ते सव्वातीन तासांनी. सहाला सूर्यास्त धरला तर साडेआठ ते सव्वानऊ. आईने वर्षानुवर्षं ज्या वेळेला नैवेद्य दाखवला, ती वेळ या हिशोबातून निघते. ऋतूनुसार ती मागेपुढे होते, आणि अमेरिकेत उन्हाळी वेळ लागली की घड्याळ एक तास पुढे जातं. म्हणून इथल्या गावाचा चंद्रोदय पाहूनच उपास सोडतात.

दोन महिन्यांतला फरकही असाच सुटतो. ताऱ्यांच्या संदर्भात चंद्र २७.३ दिवसांत फेरी पुरी करतो, म्हणून नक्षत्रं २७. पण अमावास्या ते अमावास्या २९.५ दिवस लागतात, कारण त्या २७.३ दिवसांत पृथ्वीही सूर्याभोवती सुमारे २७ अंश सरकलेली असते आणि चंद्राला सूर्य पुन्हा गाठायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. परीक्षेत हा प्रश्न आला की आकृती काढून दाखवा, नुसते आकडे लिहून पूर्ण मार्क मिळत नाहीत.

गणित किती लागतं

बीजगणिताची तोंडओळख आणि दहाचे घात, एवढंच. पण एक पद्धत शिकून घ्यावी लागते: गुणोत्तराने विचार करायचा. सूत्रात किलोग्रॅम-मीटर भरत बसण्यापेक्षा ‘किती पट’ हे विचारा. तोच तारा तीनपट दूर नेला तर नऊपट मंद दिसेल. एकाच आकाराच्या दोन ताऱ्यांपैकी एकाचं तापमान दुप्पट असेल तर तो सोळापट ऊर्जा फेकेल, कारण ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते.

केप्लरचा तिसरा नियम घेऊ. प्रदक्षिणेच्या काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाइतका असतो. काळ वर्षांत आणि अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत घ्यायचं. गुरू ५.२ पट दूर. ५.२ चा घन सुमारे १४१, त्याचं वर्गमूळ ११.९. म्हणजे गुरू बारा वर्षांना किंचित कमी काळात सूर्याभोवती फिरून येतो. नाशिकचा सिंहस्थ साधारण बारा वर्षांनी का येतो, त्याचं उत्तर या एका ओळीत आहे.

आकड्यांच्या नावांत घोटाळा होऊ देऊ नका. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे अब्ज, म्हणजेच शंभर कोटी. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. प्रकाशवर्ष सुमारे ९.४६ गुणिले दहाचा बारावा घात किलोमीटर. आणि ते अंतर आहे, काळ नव्हे. दर टर्मला कुणीतरी तिथे मार्क घालवतं.

प्रकाश हा कोर्सचा कणा

एवढंच प्रकरण नीट करायला वेळ असेल तर हे करा. ताऱ्यांबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे, ते जवळजवळ सगळं त्यांच्या प्रकाशातून वाचलेलं आहे.

वर्णपटाचे तीन प्रकार आधी पक्के करा. तापलेला घन पदार्थ किंवा दाट वायू अखंड वर्णपट देतो. विरळ तप्त वायू ठरावीक रंगांच्या तेजस्वी रेषा देतो. आणि अखंड प्रकाश थंड वायूतून गेला की त्याच जागी काळ्या रेषा पडतात. प्रत्येक मूलद्रव्याचा रेषांचा संच वेगळा. हायड्रोजनच्या दृश्य रेषा सुमारे ६५६, ४८६ आणि ४३४ नॅनोमीटर तरंगलांबीला. लॅबमध्ये ग्रेटिंगमधून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीतून) डिस्चार्ज ट्यूब (विजेने उजळलेल्या वायूची नळी) पाहताना रंगांची नावं लिहून थांबू नका. पट्टीवर रेषेची जागा वाचा, दोनदा वाचा, एकक लिहा. घरी जुन्या सीडीवर वेगवेगळ्या दिव्यांचा प्रकाश तिरका पाडून बघा: जुन्या फिलामेंटच्या बल्बचा सलग पट्टा आणि सीएफएलचे तुटक रंग यांतला फरक लगेच दिसतो.

सॅन होजे शहराने १९८० च्या दशकात रस्त्यांवर लो प्रेशर सोडियमचे पिवळे दिवे लावले ते माउंट हॅमिल्टनवरच्या लिक वेधशाळेसाठी. सोडियमचा प्रकाश जवळजवळ सगळा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे तेवढा भाग गाळून बाकीचा वर्णपट खगोलशास्त्रज्ञांना स्वच्छ वापरता यायचा. आता तिथे एलईडी आले आहेत. या बदलाने वेधशाळेचं काय नुकसान झालं, हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. उत्तर देता आलं तर वर्णपट समजला.

दुसरं उदाहरण आपल्या किनाऱ्यावरचं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याच ग्रहणासाठी ओळखले जातात. गुंटूरला आलेल्या जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्या रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे ओळखून दुसऱ्या दिवशी त्या पाहिल्याही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने इंग्लंडमधून तेच केलं. त्या वर्णपटात सोडियमच्या रेषांच्या शेजारी एक पिवळी रेषा होती, पण सोडियमशी ती जुळत नव्हती. ते मूलद्रव्य म्हणजे हेलियम. पृथ्वीवर ते रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला सापडलं १८९५ मध्ये. आधी सूर्यात, मग पृथ्वीवर! ‘कळलं कसं’ या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आता तापमान. सर्वाधिक प्रकाश कुठल्या तरंगलांबीला पडतो हे नॅनोमीटरमध्ये कळलं की २९ लाखांना तिने भागा, तापमान केल्व्हिनमध्ये येतं. सूर्यासाठी ५०० नॅनोमीटर, म्हणजे ५८०० केल्व्हिन. आणि वेग: दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या रेषा वेगाच्या प्रमाणात तांबड्या टोकाकडे सरकतात. हायड्रोजनची ६५६.३ ची रेषा एखाद्या दीर्घिकेत ६६२.९ ला सापडली, तर सरकली ६.६ ने, म्हणजे एक टक्का. प्रकाशाच्या वेगाचा एक टक्का, सेकंदाला ३००० किलोमीटर. हबलचा स्थिरांक, म्हणजे अंतराच्या दर मेगापार्सेकमागे (दहा लाख पार्सेकमागे) सेकंदाला किती किलोमीटर वेग वाढतो तो आकडा, ७० धरला तर अंतर ४३ मेगापार्सेक, सुमारे १४ कोटी प्रकाशवर्षं. सहा ओळींत दीर्घिकेचं अंतर निघालं. हे गणित आकडे बदलून करत राहा, अंतिम परीक्षेत हेच येतं.

एचआर आकृती आणि अंतराची शिडी

ताऱ्यांच्या कोर्समध्ये एचआर आकृती, म्हणजे ताऱ्यांचं तेज आणि तापमान यांचा आलेख, कोऱ्या कागदावर न बघता काढता आली पाहिजे. तेज वरच्या दिशेला वाढतं, पण तापमान डावीकडे वाढतं, आणि इथेच घाई करणारे फसतात. वर्ग ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे डावीकडून उजवीकडे. प्रमुख क्रम (बहुतेक तारे ज्या तिरक्या पट्ट्यात येतात तो), तांबडे राक्षसी तारे, श्वेत बटू (इंधन संपलेले लहान, दाट तारे) यांच्या जागा मांडा. मग स्वतःला विचारा: काक्षी थंड आहे तरी एवढा तेजस्वी का? चौरस मीटरमागे ऊर्जा कमी, तरी एकूण प्रचंड, म्हणजे पृष्ठभागच अवाढव्य असला पाहिजे. जड तारे निळे असतात आणि लवकर संपतात, म्हणून तारकागुच्छात निळे तारे शिल्लक असतील तर तो तरुण. कृत्तिकांचं वय याच तऱ्हेने सुमारे दहा कोटी वर्षं निघतं.

इथे दोन भारतीय नावं भेटतील. ताऱ्याच्या तापमानाचा वर्णरेषांशी असलेला संबंध उलगडणारं मेघनाद साहांचं समीकरण १९२० चं. त्याच्या आधारावर खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेनने १९२५ मध्ये तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत असं दाखवलं. आणि श्वेत बटूची १.४ सूर्यवस्तुमानाची मर्यादा चंद्रशेखरांची.

अंतरासाठी वहीत एक शिडी काढा. जवळच्या ताऱ्यांना पराशय: पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती हलल्यासारखा दिसतो. प्रॉक्झिमा या सर्वांत जवळच्या ताऱ्यासाठी ०.७७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), एकाला त्याने भागलं की १.३ पार्सेक. त्यापुढे सेफीड तारे, ज्यांचा प्रकाश कमी-जास्त होण्याचा काळ आणि खरं तेज यांतलं नातं हेन्रिएटा लेव्हिटने शोधलं. त्याच्या जोरावर हबलने १९२० च्या दशकात याच राज्यातल्या माउंट विल्सनवरून देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचं सिद्ध केलं. आज ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरतात. त्याहून पुढे अतिनवतारे (स्फोट होणारे तारे, सुपरनोव्हा), मग ताम्रसृती, म्हणजे रेषांचं ते तांबड्या टोकाकडे सरकणं. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी आहे, म्हणून खालची चूक वर चढत जाते. शिडीच्या प्रत्येक पायरीपुढे तीन रकाने करा: काय मोजलं, काय गृहीत धरलं, काय निघालं. हीच ती ‘कसं कळलं’ची वही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एवढीच वाचायची.

लॅब आणि टर्म पेपर

लॅब अहवालात उत्तर पुस्तकाशी जुळलं पाहिजे असा हट्ट नको. तुमचं मापन जे आलं ते लिहा आणि फरक कुठून आला असेल ते नेमकं सांगा. ‘मानवी चूक’ असं लिहिणाऱ्याचे गुण कापले जातात. पट्टीची लघुतम मोजणी, हात हलणं, वेळ नोंदवताना झालेला उशीर, असं काही ठोस हवं.

टर्म पेपरसाठी कृष्णविवरं हा विषय वर्गातले अर्धे जण घेतात. तुम्ही तुमच्या मातीतला घ्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरींसाठी. हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची लहर, अनेक अँटेना जोडून एक मोठी दुर्बीण कशी होते, आणि तारेच्या जाळीची तबकडी का चालते, एवढ्यात उत्तम पेपर होतो. सौरमालेच्या कोर्ससाठी लोणार घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आघाताने तयार झालेलं आहे. चंद्राच्या काळ्या मैदानांवरही बेसॉल्टच असल्यामुळे तिथल्या विवरांशी त्याची तुलना करता येते. ॲरिझोनाचं विवर सुमारे १.२ किलोमीटरचं, पण गाळाच्या खडकातलं. तुलनेला आयतं मिळतं.

शक्य असेल तर एकदा माउंट हॅमिल्टनवर जाऊन या. लिकची ३६ इंची दुर्बीण १८८८ ची, आणि बार्नार्डने १८९२ मध्ये गुरूचा पाचवा उपग्रह तिथून डोळ्यांनी शोधला. सॅन होजे ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन आणि पेनिन्सुला ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी या हौशी संस्था लोकांसाठी आकाशदर्शन ठेवतात. जाण्यापूर्वी वेळापत्रक बघा. अनेक प्राध्यापक अशा रात्रीला जादा गुण देतात. तिकिटाचा किंवा दुर्बिणीजवळचा फोटो आणि काय पाहिलं याची परिच्छेदभर नोंद पुरते.

परीक्षा

स्कॅनट्रॉनवरचे (गोल भरून यंत्राने तपासायच्या उत्तरपत्रिकेवरचे) पर्यायी प्रश्न सोपे वाटतात, पण चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांवरूनच बनवलेले असतात. म्हणून पर्याय झाकून आधी उत्तर मनात ठरवा, चंद्र-सूर्याचा प्रश्न असेल तर समासात आकृती काढा, मग पर्याय उघडा. वर्गात प्राध्यापक प्रश्न देऊन शेजाऱ्याशी चर्चा करायला सांगतात, तेव्हा गप्प बसू नका. तिथे मोठ्याने समजावून सांगताना जिथे अडखळता, नेमकं तेच परीक्षेत विचारलेलं असतं. जुन्या क्विझमधल्या चुकांची कारणं लिहून काढणं हा मला सर्वांत फलदायी अभ्यास वाटतो. प्रकरण पुन्हा पुन्हा वाचून ओळखीचं वाटतं, पण लिहिता येत नाही.

मिडटर्म वाईट गेली तर लगेच कोर्स सोडू नका. आधी प्राध्यापकांना भेटा, उरलेल्या गुणांचं गणित मांडा, मग ‘डब्ल्यू’च्या तारखेपूर्वी निर्णय घ्या. पास/नो पास घेताना जपून. ट्रान्सफर करायचं असेल तर अक्षरी ग्रेड असलेली बरी.

पुढे शिकायचं असेल तर

कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांत हा कोर्स कशाच्या बदल्यात धरला जातो ते असिस्टच्या संकेतस्थळावर तुमच्या कॉलेजचं आणि त्या विद्यापीठाचं नाव टाकून पाहता येतं. ते पान छापून ठेवा. खगोलशास्त्रातच पदवी घ्यायचं मनात आलं असेल, तर पहिला कोर्स ही ओळख झाली. पदवीसाठी कॅलक्युलस आणि कॅलक्युलसवर आधारलेलं भौतिकशास्त्र लागतं, आणि ती मालिका क्रमानेच घ्यावी लागते. पहिली पायरी एका टर्मने हुकली की ट्रान्सफर अनेकदा वर्षभर पुढे जातं. काउन्सेलरची वेळ पुढच्या टर्मचं रजिस्ट्रेशन उघडण्याच्या निदान महिनाभर आधी घ्या, ट्रान्सक्रिप्ट आणि असिस्टचं ते पान घेऊन जा, आणि गणिताच्या कुठल्या वर्गात बसायचं हे त्याच बैठकीत लेखी ठरवून घ्या. भारतातल्या बारावीच्या किंवा पदवीच्या गणितावर वरच्या वर्गात प्रवेश हवा असेल, तर त्या गुणपत्रिकांचं अमेरिकन पद्धतीने मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा ते काम खगोलशास्त्राची टर्म चालू असतानाच मार्गी लावा.